समुद्राकाठच्या प्लॉटवर बोअर मारणं बंद व्हायला हवं, पुणेकरांनी आधी

कोथरूडची_माहेरवाशीण: माझं माहेर श्रीवर्धनकडचं, नारळ-पोफळीची वाडी, समुद्र पाच मिनिटांवर. यंदा मे महिन्यात गेले तर विहिरीचं पाणी चक्क मचूळ लागलं. आईने चार शिट्ट्या जास्त काढल्या तरी तुरीची डाळ शिजेना आणि पोफळीची पानं कडेने करपलेली. नारळ थोडंफार खारं सोसतो, पोफळीला अजिबात चालत नाही. आजूबाजूला आता सगळे पुण्या-मुंबईकडच्या लोकांचे बंगले, प्रत्येकाची बोअर, एकाकडे तर स्विमिंग पूल. वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण समुद्राचं पाणी अडीच टक्के जड. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं असेल तर खाली जवळपास ४० मीटर गोडं, आणि हाच हिशेब उलटाही लागतो, उपसून पातळी अर्धा मीटर उतरवलीत तर खालचं खारं २० मीटर वर यायला बघतं. पूर्वी रहाटाने वरचं वरचं पाणी निघायचं, आता पंप थेट खोलातून ओढतो. म्हणून म्हणते, किनाऱ्यालगत बोअरला बंदीच हवी.

वारजेकर_बोअरवाला: ताई, राग मानू नका पण पटलं नाही. मी बोअर मारायच्या गाड्या लावतो, कोकणातही लावल्यात. तुमचा ४० चा हिशेब वाळूला ठीक आहे, पण वाळू-जांभा संपला की खाली काळा पत्थर, तिथं पाणी भेगांतून येतं, एका बोअरला गोडं आणि वीस फुटांवरच्या दुसरीला खारं असं मी स्वतः बघितलंय. आणि डाळ शिजत नाही म्हणजे समुद्र आला असं कसं? आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यातही शिजत नाही, पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे!

औंध_लॅबवाली: डाळीचा मुद्दा बरोबर पण अर्धा. मी पाणी तपासायचंच काम करते. पुण्यातल्या बेसाल्टमधल्या, म्हणजे काळ्या पत्थरातल्या, पाण्याचा जडपणा (वजन नव्हे, डाळ शिजू न देणारे क्षार) बहुतेक वेळा कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटचा असतो, समुद्र घुसला की क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, उडी मारतं. समुद्रात लिटरला १९,००० मिग्रॅच्या आसपास क्लोराइड, म्हणजे विहिरीत नुसतं २ टक्के समुद्राचं पाणी मिसळलं तरी ३८० वाढतं, पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा २५०. दुसरी खूण म्हणजे आत येणारं सोडियम मातीचे कण धरून ठेवतात आणि बदल्यात कॅल्शियम सोडतात, त्यामुळे क्लोराइडच्या मानाने सोडियम कमी आणि जडपणा भरपूर असं पाणी मिळतं. तुमची डाळ त्यातच अडकली असेल. पण नायट्रेटही बघा, ती सांडपाण्याची खूण, शेजारच्या बंगल्याचा शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर क्लोराइड तिथूनही येतं. रिपोर्टशिवाय कुणालाच दोष देऊ नका.

हर्णैचा_सध्या_हडपसर: बंदी म्हणणं सोपंय हो. तुम्ही सुट्टीत जाता, आमची आई एप्रिलपासून हंडे भरते. बोअर आली तेव्हा तिच्या डोक्यावरचा भार उतरला. बंदी आली की बंगलेवाले टँकर मागवतील, मरणार आम्ही. आणि खाडीकाठची खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवणारा बांध, फुटलीय त्याचं काय? उधाणाच्या भरतीला पाणी थेट शेतात घुसतं, विहिरी त्यानेही खाऱ्या होतात, तिथं बोअरचा काही संबंध नाही.

कोथरूडची_माहेरवाशीण: तुझ्या आईचं ऐकून वाईट वाटलं, घरच्या पिण्याच्या पाण्यावर बंदी मला नकोच आहे, नीट लिहायला हवं होतं. पण स्विमिंग पूल आणि लॉनला काय म्हणायचं? शिवाय तिथला एकजण आरओ बसवून उरलेलं खारट पाणी परत वाळूतच सोडतो! उपाय आहे ना, कोकणात तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस, १०० चौरस मीटर छपरावरून ३ लाख लिटर मिळतं, ते बोअरमध्ये सोडा.

वारजेकर_बोअरवाला: जुलैत ते सोडून उपयोग काय? तेव्हा वाळू आधीच काठोकाठ भरलेली असते, वरून टाकाल तेवढं समुद्रात जाईल. टाकी बांधा, पाणी झाकून ठेवा आणि मार्च-एप्रिलला वापरा. तेवढा उपसा कमी झाला तरी खूप झालं. पूलवाल्याचं मात्र मी समर्थन करत नाही, अशी गाडी मी लावणार नाही.

औंध_लॅबवाली: टाकीचं बरोबर आहे. आणि घाई यासाठी की एकदा खारं आत शिरलं की उपसा थांबवूनही लवकर निघत नाही, चेन्नईजवळ मिंजूरला समुद्र काही किलोमीटर आत आला, तो प्रश्न १९६० च्या दशकापासूनचा आहे.

कोथरूडची_माहेरवाशीण: पुढच्या आठवड्यात जातेय. नमुना पंप लावायच्या आधी घेऊ की नंतर? आणि विहिरीच्या तळाचं पाणी वेगळ्या बाटलीत?

औंध_लॅबवाली: दोन्ही वेळचं घ्या. आधी वरचं आणि तळाचं वेगळं, मग तासभर पंप चालवून पुन्हा एक. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकणावर वेळ लिहा आणि भरती होती की ओहोटी तेही.