तिसरा गिअर ६५०० आरपीएमला पडत नाही. गिअरबॉक्स बदलू की उघडू? मदत हवी आहे

बार्देशकर_आरएस: दुसऱ्यातून तिसरा टाकताना वरच्या आरपीएमला खर्रर्र आवाज येतो आणि गिअर आत जातच नाही. सावकाश चालवली तर काही त्रास नाही. म्हापशातला एक मेस्त्री म्हणतो सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले. दुसरा म्हणतो हा बॉक्स एवढी ताकद झेलणार नाही, सहा गिअरवाला बसव. पावसाळ्यानंतर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत पळवायची आहे, वेळ कमी आहे. थेट डॉग बॉक्स (सिंक्रो नसलेला शर्यतीचा गिअरबॉक्स) टाकावा का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा.

फोंडा_टर्बो: गाडी कोणती?

उद्यमनगर_लेथ: टॉर्क किती, क्लच कोणता, गिअरमध्ये तेल कोणतं? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

बार्देशकर_आरएस: पहिली ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, पाच गिअर. मोठा टर्बो आणि रिमॅप (इंजिनच्या संगणकाचं ट्यूनिंग), डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) टॉर्क ३१० न्यूटन मीटर. बाकी सगळं कंपनीचं.

सासष्टी_डीएसजी: जुन्या मॅन्युअलवर पैसे का घालतोस भाऊ? डीएसजीवाली (दोन क्लचचा, आपोआप गिअर टाकणारा बॉक्स) पोलो घे. माणसाच्या हाताला तेवढ्या वेगात गिअर टाकताच येत नाही.

उद्यमनगर_लेथ: पोलोचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजीसुद्धा, याच्या पाच गिअरच्या बॉक्ससारखाच, २५० न्यूटन मीटर झेलण्यापुरताच आहे. त्याला ३१० दिले तर तो काय करेल? आणि त्याने गाडी बदलण्याबद्दल विचारलेलंच नाही.

फोंडा_टर्बो: मी सांगतो. शॉर्ट शिफ्टर टाक आणि ७५डब्ल्यू-१४० जीएल-५ रेसिंग तेल भर. माझ्या गाडीत फरक लगेच जाणवला.

उद्यमनगर_लेथ: दोन्ही नको. शॉर्ट शिफ्टरने गिअरचा दांडा कमी हलतो, पण हाताला जोर जास्त लागतो आणि सिंक्रोला वेग जुळवायला वेळ कमी मिळतो. तो आधीच कण्हत असेल तर लवकर संपेल. आणि सिंक्रो रिंगला शाफ्टचा वेग जुळवायला घर्षण लागतं. जीएल-५ तेलात दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसचा मारा जास्त असतो, तो पितळी रिंगांना मानवत नाही. या बॉक्सला कमी माऱ्याचं जीएल-४ च.

फोंडा_टर्बो: पुस्तकातलं सांगू नका, माझी गाडी तीन पावसाळे याच तेलावर पळते आहे.

डिचोलीकर: माझ्या डिझायरचा दुसरा गिअर सकाळी कडक जातो, गरम झाल्यावर सुटतो. हाच प्रकार का? आणि चोर्ला घाटात क्लचचा वास येतो.

उद्यमनगर_लेथ: दादा, तुमचं बहुधा जुनं घट्ट तेल आहे, बदलून बघा. घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरू नका. बार्देशकर, क्लच नक्की कंपनीचाच आहे?

बार्देशकर_आरएस: नाही, क्लच वर्षभरापूर्वी बदलला. कंपनीचा घसरायला लागला होता. सिंगल मास (एकसंध) फ्लायव्हील आणि क्लच दाबून धरणारी जड प्रेशर प्लेट. तो तर सगळेच बदलतात, म्हणून लिहिलं नाही. आवाज त्यानंतर काही दिवसांनी सुरू झाला.

उद्यमनगर_लेथ: मग बॉक्सला हात लावायच्या आधी हे बघ. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच तळापर्यंत दाबून पाच सेकंद थांब, मग रिव्हर्स टाक. क्लच नीट कटत असेल, म्हणजे इंजिनपासून बॉक्स पूर्ण सुटा होत असेल, तर तोवर इनपुट शाफ्ट (इंजिनकडून बॉक्समध्ये येणारा दांडा) थांबतो आणि गिअर गुपचूप पडतो. खर्र झालं तर क्लच पूर्ण सुटतच नाही. सावकाश चालवताना सिंक्रो ते सांभाळून घेतो, ६५०० ला त्याच्या आवाक्याबाहेर जातं. पेडल कुठवर दाबल्यावर क्लच सुटतो तेही सांग.

बार्देशकर_आरएस: अगदी तळाशी सुटतो. रिव्हर्सला खर्र आला.

दाबोळी: गोव्यात कुठेही रस्त्यावर ट्राय घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीला लागतं. जुवारी पुलाकडे रात्री जे चालतं ते बघून जीव घाबरतो.

बार्देशकर_आरएस: बाब, मी धावपट्टीचं विचारतोय.

उद्यमनगर_लेथ: तळाशी सुटतो म्हणजे प्लेट पुरेशी मागे जातच नाही. त्या गाडीत क्लच आणि ब्रेकला एकाच टाकीतलं तेल जातं, आणि ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. गोव्याच्या पावसात जुनं तेल ठेवूच नये. नवीन डॉट ४ भरून हवा काढ. मग बॉक्सवर बाहेर बसलेला स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा) गळतोय का बघ. जड प्लेट दाबताना जुना स्लेव्ह आधी हार मानतो.

सासष्टी_डीएसजी: तरी बॉक्स २५० चाच. आज ना उद्या फुटणारच. लॉरा डिझेलचा सहा गिअरवाला बसव, तो ३५० चा आहे.

उद्यमनगर_लेथ: तो डिझेलचा आहे, गिअर लांब पडतात. ४०२ मीटरला सुटतानाच मागे पडशील. शिवाय माउंट आणि एक्सल जुळवत बसावं लागेल. या पाच गिअरवाल्यात दुखणं वेगळं आहे. डिफरन्शिअलची (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) मोठी दातेरी चकती रिवेट्सनी धरलेली असते. सुटताना चाकं आदळत पकड घेतात तेव्हा रिवेट तुटतो आणि केसिंग फोडून बाहेर येतो. दात तुटण्याआधी हेच होतं. डॉग बॉक्सपेक्षा आधी रिवेट काढून बोल्ट लाव, जमलं तर लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक फुकट फिरू न देणारं) बसव, आणि इंजिन धरणाऱ्या खालच्या टॉर्क रॉडचा रबरी बुश कडक घाल, म्हणजे इंजिन हिंदकळणार नाही.

बार्देशकर_आरएस: क्लचचं तेल बदलून हवा काढली. तेल काळं निघालं. रिव्हर्स आता गुपचूप पडतो, पेडल वर आलंय. ६५०० चं धावपट्टीवरच कळेल. रिवेट्ससाठी बॉक्स तरीही उतरवतोय. बेळगावच्या उद्यमबागेत हे काम होईल का, की कोल्हापूरच?

उद्यमनगर_लेथ: दोन्हीकडे होईल. पण बोल्टचं किट आधी हातात घे आणि मगच डिफरन्शिअल उघड. ड्रिल सरळ धरणारा माणूस बघ. बॉक्स उघडाच आहे तर तिसऱ्याची सिंक्रो रिंग आणि स्लीव्हचे दात बघून घे. एवढे दिवस खर्र खाल्लंय, टोकं गोल झाली असतील तर बदल.

डिचोलीकर: डिझायरला तेल किती लिटर लागतं?