म्युनिकहून पुण्याला परत जातोय, मुलीने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात

इसारकाठी

नमस्कार मंडळी, ९ वर्षं म्युनिकमध्ये काढून मेअखेर आम्ही कायमचे पुण्याला चाललोय. घराची नोटीस १ मार्चलाच दिली (३ महिन्यांची असते, आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली नाही तर अख्ख्या एका महिन्याचं भाडं डोक्यावर). कागदपत्रांसाठी हा धागा नाही, ती यादी नवऱ्याने एक्सेलमध्ये केलीये आणि सध्या त्याचं आमच्यापेक्षा त्या एक्सेलवर जास्त प्रेम आहे. मला विचारायचंय ते रोजच्या दिवसांबद्दल.

मुलगा ३ वर्षांचा, त्याला काहीच फरक नाही, आज्जीकडे रिक्षा आहे म्हणून तो खूश. मुलगी ७ ची, पहिलीत. फेब्रुवारीत तिला सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाली, मला वाटलं चला सुटलो. मग मी क्लाइनआनत्सायगनवर (जुनं सामान विकायची इथली साइट) सामान टाकायला लागले, सगळ्यात आधी गेलं तिचं पुस्तकांचं शेल्फ, एक बाई आल्या, २० युरो दिले, घेऊन गेल्या. ही शाळेतून आली तर पुस्तकं जमिनीवर आणि भिंतीला दोन भोकं. तेव्हा काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर घरभर पिवळ्या चिठ्ठ्या! टोस्टरवर, फ्रीजवर, बाल्कनीतल्या मोडक्या खुर्चीवर, बाबाच्या लॅपटॉपवर, झोपलेल्या भावाच्या पाठीवरसुद्धा. सगळ्यांवर जर्मनमध्ये एकच, "विकायचं नाही", तेही पहिलीतल्या स्पेलिंगमध्ये.

दुसरं म्हणजे मराठी. आम्ही घरात मराठीच बोलतो, ती आधीही निम्मं जर्मनमध्येच उत्तर द्यायची पण आता ठरवून अजिबात नाही म्हणजे नाही. मला आई सोडून जर्मन मुलांसारखं "मामा" म्हणते, आणि माझा भाऊ व्हिडिओ कॉलवर असला की तोच ओ देतो.

तिसरी गोष्ट शुलट्यूटे. माहीत नसेल त्यांच्यासाठी, पहिलीच्या पहिल्या दिवशी इथे मुलांच्या हातात खाऊ आणि पेन्सिली भरलेला पुठ्ठ्याचा मोठा शंकू देतात, तो. तिचा आम्ही दोघींनी घरी केला होता, वर कोल्हा चिकटवलाय, त्याचा एक कान मी उलटा लावलाय. ८५ सेंमी आहे, मोजला. नवरा म्हणतो फोटो काढून ठेवू. ती रात्री तो शेजारी घेऊन झोपते.

वर पुण्यातली शाळा जूनच्या मध्यात सुरू आणि बायर्नमधली (म्हणजे म्युनिकच्या राज्यातली) सुटते थेट जुलै संपताना, म्हणजे तिची उन्हाळी पार्टी पण बुडणार. हे दोन-अडीच महिने घरात कसे काढलेत तुम्ही लोकांनी?

श्टुटगार्ट_ते_सातारारोड

अगं सेम! ४ वर्षांपूर्वी आम्ही हेच सगळं केलं आणि चुकाही याच केल्या. पहिली गोष्ट, मुलं शाळेत असताना त्यांचं काहीही घराबाहेर जाऊ देऊ नकोस, अगदी पाय तुटलेला डायनासोर पण नाही. विकणाऱ्यात तिलाच घे. म्युनिकला एप्रिल-मेपासून गल्लोगल्ली अंगणातले फ्लोमार्क्ट (जुन्या सामानाचे बाजार) सुरू होतील ना, तिथे तिला चादर टाकून बसू दे, भाव तिने सांगायचा आणि पैसे तिच्या डब्यात. आमच्या पोराने एका काकांना क्रेन दिलीच नाही, का तर म्हणे "ते खेळणार नाहीत". ती क्रेन मग पुण्याला आली, आणि आल्यापासून माळ्यावर आहे, पण ते असो.

शुलट्यूटे न्यायचीच. मागचा चिकटवलेला जोड ब्लेडने हळूच उघड, पुठ्ठा सपाट होतो, मोठ्या सूटकेसमध्ये तिरका ठेव, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ९० सेंमी मिळतात. कोल्ह्यावर एक ओढणी टाक. पुण्यात पोचल्यावर परत स्टेपल.

आता अभ्यासाचं, जे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तिथे पहिलीत आकडे २० पर्यंतच आणि पाढे दुसरीत, इकडे दुसरीतली पोरं पाढे घडाघड म्हणतात, त्यामुळे पहिले दोन महिने ती मागे वाटेल, वाटू दे. आणि जर्मन पद्धतीचा १ लिहायची सवय असेल ना, डोक्यावर लांब तिरकी रेघ असलेला, तर इथे बाई तो ७ समजतात. आमच्या पोराला पहिल्या टेस्टमध्ये १५ पैकी ६ पडले होते, वही उघडून बघितलं तर चूक दिलेल्यातली निम्मी गणितं बरोबर, फक्त प्रत्येक ११ चे ७७ झालेले! शेवटी मी डायरीत चिठ्ठी लिहून पाठवली.

पण एक फुकटचा फायदा आहे. जर्मनमध्ये ४७ म्हणताना आधी सात मग चाळीस, आणि आपलं सत्तेचाळीस पण तसंच. मोठ्या संख्यांना इंग्रजी मीडियमची मुलं त्रेपन्न-त्रेसष्टला रडतात, आमच्याला ते पटकन बसलं. तिला हे गंमत म्हणून दाखव, मराठीत बोल म्हणून मागे लागू नकोस. शाळेत मराठी तसंही शिकावंच लागतं, २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांना सक्तीचं केलंय.

बाळगुटी

वरच्यांनी बाकी सगळं लिहिलंय, मी फक्त लसींचं सांगते. लसींच्या नोंदींचं पिवळं पासबुक हँडबॅगेत ठेवा, कार्गोत नको. बीसीजी जर्मनीत देत नाहीत, आणि टायफॉइड, हेपॅटायटिस ए तिथल्या नेहमीच्या यादीत नसतात, तर निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांशी बोलून घ्या काय तिथे घ्यायचं आणि काय पुण्यात. आणि शाळेतून नाव काढायला आबमेल्डुंगचा (राहत्या पत्त्यावरची सरकारी नोंद रद्द केल्याचा) कागद मागतील, तो निघायच्या फार तर आठवडाभर आधी मिळतो, त्यामुळे शाळेला आत्ताच तोंडी सांगून ठेवा म्हणजे शेवटच्या आठवड्यात पळापळ नको.

खडूस_काका

थोडं कडू लिहितो, राग मानू नका. तुम्ही मुलीला विचारलं नाहीत, कळवलंत. ते चूक असं नाही म्हणत मी, ७ वर्षांच्या मुलीने देश ठरवायचा नसतो, पण मग ती "बरं" म्हणाली याचा अर्थ तिला पटलं असा का काढलात?

मी १९९० ला कुवेतमध्ये ८ वर्षांचा होतो. ऑगस्टमध्ये इराकी सैन्य घुसलं, आम्ही बसने इराकमधून जॉर्डन, मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. एका माणसामागे एक पिशवी. माझ्या कपाटाची किल्ली खिशात राहिली होती, ती अजून माझ्याकडे आहे, कपाटाचं काय झालं देव जाणे. खालच्या मजल्यावरच्या मित्राला जातो म्हणून सांगताही आलं नाही आणि आज ४० च्या पुढे गेलो तरी ते खुपतं, बाकी सामानाचं काही वाटत नाही.

तुमच्याकडे अडीच महिने आहेत. पार्टी बुडते तर मे महिन्यात तुम्हीच घाला, तिच्या वर्गाला बोलवा. आणि चिठ्ठ्या काढू नका. उलट तिला दुसऱ्या रंगाचं एक पॅड आणून द्या, "हे विकलं तर चालेल" वालं.

इसारकाठी

काका, राग नाही, पण वाचून थोडा वेळ उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

अपडेट देते. हिरवं पॅड आणलं. पहिल्या दिवशी एकही हिरवी लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या जुन्या बुटांवर, हिवाळ्याच्या ओव्हरऑलवर आणि बाबाच्या एक्सरसाइज सायकलवर लागली (ही तिसरी मला फार आवडली). टोस्टरवरची पिवळी तिने स्वतःच काढली, कारण आज्जीकडे पण टोस्टर आहे असं मामाने कॉलवर दाखवलं. खऱ्या मामाने. सत्तेचाळीसचं सांगितलं तर "म्हणजे मराठी जर्मनची कॉपी करते?" असं विचारलं, मी म्हटलं उलटं असेल, तर हसली.

वर्गाची पार्टी २३ मेला, इसार नदीच्या काठावर, पावभाजी आणि ब्रेत्झेल. भाजी तिखट नको असं ती बजावून गेलीये. शुलट्यूटेचा जोड उघडायला मात्र अजून परवानगी नाही, "शेवटच्या दिवशी, आणि मी उघडणार".

आज सकाळी भावाच्या पाठीवर हिरवी होती. ती काढायला लावली.