एडी पॅरिस: वेल्सकडून एकच सामना का? आणि आकडे जुळत का नाहीत?

मैदानवेडा:
मंडळी, वेल्सचा फुटबॉलपटू एडी पॅरिसवर मराठीत एक नोंद लिहितोय. जन्म १९११, चेपस्टोजवळचं पुलमेरिक गाव, घराणं कॅरिबियन वंशाचं, जागा आउटसाइड लेफ्ट, म्हणजे आघाडीत अगदी डाव्या कडेला. ब्रॅडफर्ड, बोर्नमथ, लुटन, नॉर्थॅम्प्टन असा प्रवास. दोन अडचणी आहेत. एक, ५ डिसेंबर १९३१ ला विसाव्या वर्षी वेल्सकडून खेळला, मग परत कधीच नाही, असं का? दोन, त्याच्या एकूण सामन्यांचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो. कोणता धरायचा? 'ब्रिटनचा पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय खेळाडू' असं शीर्षक देतोय, चालेल ना?

डावी_विंग:
शीर्षक आधी बदला. अँड्र्यू वॉटसन १८८१ मध्येच स्कॉटलंडकडून खेळला, तोही कर्णधार म्हणून, आणि इंग्लंडला ६-१ ने हरवलं. त्याचा जन्म ब्रिटिश गयानातला. पॅरिस 'वेल्सचा पहिला' एवढंच लिहा, ते पक्कं आहे.

आता एका सामन्याबद्दल. ५ डिसेंबरला शनिवार होता आणि शनिवार म्हणजे लीगचा, इंग्लिश क्लबांच्या साखळी स्पर्धेचा, दिवस. इंग्लिश क्लबांवर खेळाडू सोडायची सक्ती होती ती फक्त इंग्लंडच्या संघासाठी. वेल्सचे बरेचसे चांगले खेळाडू इंग्लिश क्लबांकडे असल्यामुळे त्या काळात वेल्सचे सचिव टेड रॉबिन्स यांना मिळतील ते अकरा गोळा करावे लागत. ऑक्टोबर १९३० मध्ये कर्णधार कीनर आणि बाकी बहुतेक नवखे अशा संघाने ग्लासगोला स्कॉटलंडशी १-१ बरोबरी केली, तोही याच ओढाताणीतून उभा राहिलेला संघ. पॅरिस खेळला तो काळ हाच. बेलफास्टला वेल्स आयर्लंडकडून ४-० ने हरलं. बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणजे एकदा उतरलात की पूर्ण ९० मिनिटं.

पुढे संधी का नाही? वर्षाला सामने जेमतेम तीन: इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड. ब्रिटिश संघटना १९२८ लाच फिफातून बाहेर पडल्या होत्या, म्हणजे विश्वचषक नाही. आणि वेल्सने १९३३ व १९३४ अशी लागोपाठ दोन वर्षं होम चॅम्पियनशिप (याच चार संघांची वार्षिक स्पर्धा) जिंकली. जिंकत्या संघात दुसऱ्या डिव्हिजनच्या विंगरला जागा मिळणं अवघडच होतं. निवड समितीच्या मनात वर्णाचा विचार होता की नाही, यावर अंदाजाने लिहू नका. इंग्लंडच्या जॅक लेस्ली या कृष्णवर्णीय खेळाडूचं प्रकरण वेगळं आहे. १९२५ मध्ये त्याचं नाव इंग्लंडच्या संघात आलं आणि मग गाळलं गेलं. २०२३ मध्ये त्याला मरणोत्तर मानाची कॅप दिली. दोन्ही गोष्टी एकात मिसळू नका.

आकडेबहाद्दर:
आकड्यांचा घोळ नेहमीच्या तीन-चार ठिकाणी होतो.

सगळ्यात आधी ब्रॅडफर्ड. तेव्हा शहरात दोन क्लब होते आणि पॅरिसच्या काळात बहुतेक वर्षं दोन्ही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये! लीगच्या तक्त्यात नुसतं 'ब्रॅडफर्ड' छापलेलं असेल तर ते पार्क अव्हेन्यू, दुसरं 'ब्रॅडफर्ड सिटी'. पॅरिस १९२८ ते १९३४ पार्क अव्हेन्यूकडे होता. त्याचे सामने सिटीच्या नावावर टाकलेले दिसले तर ती यादी सोडून द्या.

दुसरं, लीग आणि एफए कप (क्लबांची वेगळी बाद पद्धतीची स्पर्धा) वेगवेगळे मोजा. एक यादी फक्त लीग धरते, दुसरी दोन्ही मिळवते. फरक बहुतेक वेळा तिथेच निघतो.

तिसरं, १९३९-४०. तीन फेऱ्या झाल्या, ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं आणि तो हंगाम नोंदीतून काढून टाकला. त्यानंतरचे युद्धकाळातले सामने अधिकृत लीगमध्ये येत नाहीत. ते हवेच असतील तर वेगळ्या ओळीत द्या, बेरजेत नको.

शिवाय जुन्या संघयादीत तो 'जे. ई. पॅरिस' असा येतो, कारण पूर्ण नाव जॉन एडवर्ड. लीगमध्ये पाठीवर क्रमांक सक्तीचे झाले १९३९ मध्ये, तेव्हा '११ नंबर' लिहू नका, 'आउटसाइड लेफ्ट' लिहा.

मैदानवेडा:
झकास, शीर्षक बदलतो. बोर्नमथला जाणं म्हणजे घसरण म्हणायची का? आणि लुटनला १९३७ मध्ये गेला म्हणजे बढती?

आकडेबहाद्दर:
डिव्हिजनच्या हिशेबाने हो. बोर्नमथ तिसऱ्या डिव्हिजन साउथमध्ये होतं, तिथून दरवर्षी एकच क्लब वर जायचा. १९३६-३७ मध्ये तो मान लुटनला मिळाला, त्यामुळे पॅरिस पुन्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आला. पण पगाराच्या अंगाने फरक वाटतो तेवढा नव्हता. कमाल मर्यादा हंगामात आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६; पहिल्या डिव्हिजनलाही तीच. करार वर्षाचा, आणि क्लबने नोंदणी राखून ठेवली तर खेळाडूला दुसऱ्या लीग क्लबात जाता येत नसे. म्हणून 'त्याने क्लब बदलला' असं लिहिताना जरा हात आखडता घ्या, 'क्लबने सोडलं' किंवा 'विकलं' हेही तपासा.

डावी_विंग:
क्लबाचं तेव्हाचं नाव 'बोर्नमथ अँड बॉस्कम अ‍ॅथलेटिक' द्या, आजचं नाव १९७० च्या दशकातलं. बेलफास्टच्या सामन्यातही प्रतिस्पर्धी 'आयर्लंड' असंच लिहा. 'उत्तर आयर्लंड' हे नंतरच्या याद्यांनी घातलंय.