घाटातल्या जुन्या चालकांना ई-बस कशी शिकवावी?

घाटवळण: नमस्कार. मी चिपळूण भागातल्या एका आगारात पर्यवेक्षक आहे, वय ३४. आमच्याकडे ई-बस येणार आहेत आणि चालकांची तयारी करून घ्यायचं काम माझ्यावर आलंय. बरेचसे वडिलांच्या वयाचे, मी त्यांना काकाच म्हणतो. मला तीन दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण मिळालं. संघभावना, संवादकौशल्य, सगळं पडद्यावर. कुंभार्ली घाटाचं एक वळण त्यात नव्हतं.

या माणसांच्या हाडात एक नियम मुरलाय: ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. ई-बसला बदलायला गिअरच नाहीत. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटर वीज बॅटरीत परत पाठवते आणि गाडी आपोआप धरली जाते. परवा चाचणीला एका काकांनी घाटाखालच्या पोफळीपर्यंत गाडी आणली, उतरले आणि गप्प बसून राहिले. ३० वर्षांत एक अपघात नाही त्यांच्या नावावर. म्हणाले, "इंजिनचा आवाज नाय, म्हणजे गाडी माझ्याशी बोलत नाय." मला उत्तर सुचलं नाही. त्यांना कमीपणा न आणता कसं शिकवू?

रुळांवरून: कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं. डिझेलवर उमेदीची वर्षं गेलेल्या लोको पायलटांना न्यूट्रल सेक्शन, म्हणजे वरच्या तारेत वीज नसलेला छोटा टप्पा, आला की इंजिनाचा सर्किट ब्रेकर उघडायचा, ही सवय नव्याने लावून घ्यावी लागते. रेल्वेत लोको इन्स्पेक्टर केबिनमध्ये सोबत प्रवास करतो. तुम्हीही शेजारी बसा. घाटात काही बोलू नका, जे विचारायचं ते खाली आल्यावर.

निवृत्त चालक: बाळा, निवृत्तीनंतर मी आता ई-बसच चालवतो. एक गोष्ट आधी सांग त्यांना. बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर परत येणारी वीज जाणार कुठे? ओढ कमी लागते, सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून घाटमाथ्यावर पूर्ण चार्ज करून उतरायचं नाही. तापलेल्या ब्रेकचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला हे एका वाक्यात कळेल. पडदा लावू नकोस त्यासाठी.

डबल बेल: वाहकांनाही बोलवा हो! या गाडीची चाहूल लागत नाही. स्टँडवर रिव्हर्स घेताना मागून आजी-आजोबा चालत असतात, तिथे आमची शिट्टीच कामाची.

घाटवळण: सगळ्यांचे आभार. वाहक माझ्या यादीतच नव्हते, आज घातले. काकांना म्हटलं, कुठल्या वळणाआधी पाय काढायचा ते तुम्हीच सांगा, मी लिहून घेतो, बाकीच्यांना तेच शिकवू. वही पुढे ओढून त्यांनी घाटावरच्या हेळवाकपासून स्वतःच लिहायला घेतलं. पोफळीपर्यंत चार पानं झालीत. उद्या मी त्यांच्या शेजारी बसतोय.