मुलांना पक्ष्यांची नावे सांगावीत की नकोत?

माळकरी:
आमच्या भागातील पाचवी ते सातवीच्या मुलांना मी सुट्टीच्या दिवशी निसर्गभ्रमंतीला नेतो. मुले हौसेने येतात. परंतु पक्षी दिसला की त्याचे नाव विचारतात, वहीत उतरवतात आणि लगेच पुढच्या पक्ष्याच्या शोधाला लागतात. सालिम अली यांनी १९२६ पासून काही वर्षे मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात निसर्गविभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून काम केले आणि पुढचे आयुष्यही बव्हंशी सामान्य माणसाला पक्ष्यांची गोडी लावण्यात घालवले. त्यांच्याकडून माझ्यासारख्याने नेमके काय घ्यावे? नावे सांगणे बंदच करावे का?

खाडीकाठ:
संग्रहालयापेक्षा किहीमकडे पाहावे, असे मी सुचवेन. बर्लिनमध्ये जर्मन पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून सालिम अली १९३० मध्ये परतले, तेव्हा त्यांचे पदच रद्द झाले होते. मग ते पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि तेथे त्यांनी अभ्यासाला घेतला तो कोणी दुर्मिळ पाहुणा नव्हे, तर शेताशेतांत दिसणारी सुगरण. खोपा नर विणतो, तो अर्धवट असतानाच मादी येऊन पारखते, तिने पसंत केला तरच नर तो पुरा करतो आणि ती अंड्यांवर बसली की हा गृहस्थ दुसऱ्या मादीसाठी शेजारीच नवा खोपा सुरू करतो, हा सारा क्रम त्यांनी एकाच वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसून उलगडला. एवढ्या ओळखीच्या पक्ष्याचा संसार असा चालतो, हे पुष्कळ पाहणाऱ्यांच्या नजरेतून निसटले होते. मुलांनाही पावसाळाभर एकाच झाडाखाली न्यावे; दरवेळी नवी जागा दाखवण्याची आपलीच हौस बहुधा आड येते.

पानगळ:
वरच्या मताशी मी बराचसा सहमत आहे. तरीही नावांवर बंदी घालू नये. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या चिमणीचे नाव काय, या एका प्रश्नापायीच सालिम अली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचले. तेथील सचिव मिलार्ड यांनी नाव तर सांगितलेच, शिवाय संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. मिलार्ड नुसते नाव सांगून थांबले असते, तर तो मुलगा बहुधा घरी जाऊन ते विसरला असता. आपणही नाव सांगावे आणि त्याच दमात पुढचे काम द्यावे: खोप्यासाठी पाती शिंदीची आणली की उसाची, अर्धवट खोपे किती, पुरे झालेले किती, खोपे झाडाच्या कोणत्या बाजूला अधिक आहेत. पुष्कळदा ते पूर्वेला सापडतात, कारण नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा तेथे कमी लागतो. मात्र हे उत्तर आधी सांगून टाकू नये. काही मुले कंटाळतील, त्यांना खुशाल चतुर आणि बेडूक पाहू द्यावेत.

माळकरी:
दोघांचेही आभार. आमच्या शाळेमागच्या विहिरीवर बाभळीची एक फांदी पाण्यावर झुकलेली आहे आणि तिच्यावर दर पावसाळ्यात खोपे लटकतात. मी मात्र मुलांना त्या विहिरीवरून पुढे तळ्यावर नेत आलो आहे. या वर्षी तेथेच बसवीन. इतकी मुले जवळ गेल्याने पक्षी वसाहत सोडून जातील, अशी भीती वाटते. दुर्बीण एकच आहे.

खाडीकाठ:
विहीर असल्यामुळे मुलांना तसेही लांबच बसवावे लागेल, आणि ते दोन्ही अर्थांनी बरे. गट लहान ठेवावेत, पक्षी काम थांबवून कलकलाट करू लागले की मागे सरकावे. अर्धवट खोप्याला मोठे भोक असते, पुऱ्या खोप्याला खाली लांब नळी येते. हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. हंगाम संपल्यावर खाली गळून पडलेला एखादा जुना खोपा उकलून दाखवावा. आत ओल्या मातीचे गोळे लिंपलेले आढळतात. ते कशासाठी, यावर अभ्यासकांचेही एकमत नाही, त्यामुळे मुलांना मनमोकळे वाद घालता येतील.