मदत हवी आहे: चौथीच्या मुलांना अन्नगट कसे शिकवू?

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. अन्नगटांचा तक्ता लावला, चित्रं कापून गट पाडून घेतले. मुलं गट घडाघड म्हणतात, पण दिवसभरात काय-काय पोटात जायला हवं हे विचारलं की गप्प. शालेय पोषण आहाराचं प्रमाण (प्राथमिकला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी) तराजूवर मोजून दाखवलं, ते मात्र लगेच कळलं.

घरोघरी भाकरी, पिठलं, ठेचा. दूध-फळं रोज परवडत नाहीत. शेंगदाणे, शेवगा, चवळी, अंडी गावात मिळतात. कुणाच्या डब्याला नावं ठेवल्यासारखं अजिबात व्हायला नको. प्रोजेक्टर नाही.

एवढ्यावर मुलं स्वतःच दिवसाचं जेवण जुळवतील, असा एका तासिकेचा कोणता उपक्रम तुमच्या वर्गात जमला?