मदत हवी आहे : पांढऱ्या कागदावरच्या पांढऱ्या कुरडईचं बॅकग्राउंड काढायचंय

भुरभुर :

मंडळी, अडलोय. आई यंदा कुरडया आणि चिकवड्या पाकिटात घालून विकणार आहे. पाकिटाचं लेबल करायचं काम माझ्यावर आलंय, कारण घरात 'कंप्युटरवाला' मीच. (मी अकाउंट्सला आहे. पण ते कोण ऐकतंय.)

लेबल लाल, ३ बाय ४ इंच. त्यावर वर आईच्या अक्षरात नाव आणि खाली तळलेल्या कुरडईचा फोटो. नाव तिने काळ्या मार्करने कोऱ्या कागदावर लिहून दिलं, ते स्कॅन केलंय. कुरडई पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर ठेवून मोबाइलने काढली. दोन्हींतला पांढरा भाग पारदर्शक करायचा आहे.

गिंपमध्ये (फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर) हे करून झालं :

फझी सिलेक्टने (क्लिक केलेल्या रंगासारखा भाग निवडणारं टूल) कोपऱ्यात क्लिक केलं. थ्रेशोल्ड, म्हणजे रंगात किती फरक चालवून घ्यायचा ते, १५ ठेवला तर कुरडईखालची सावली तशीच राहते. ४० केला तर अर्धी कुरडई गायब. उंदराने कुरतडल्यासारखी दिसते.

मग कलर टू अल्फा (निवडलेला रंग पारदर्शक करणारी कमांड) करून पांढरा रंग काढला. लाल लेबलावर ठेवल्यावर कुरडईचं भूत झालं, आरपार लाल दिसतंय.

एका फुकट साइटवर टाकली. बाहेरची कड झकास कापली, पण शेवयांच्या मधली भोकं पांढरीच ठेवली. शिवाय फाइल इतकी बारकी दिली की छापली तर तिकिटाएवढी येईल.

नावाच्या अक्षरांभोवतीही पांढरी किनार राहतेय. काय चुकतंय?

खिडकीतली_माऊ :

कुरडई बघून भूक लागली, मदत शून्य. आईंना ऑर्डर कुठे द्यायची?

पिक्सेलपंत :

भुरभुर, तुमचं फार काही चुकलेलं नाही, कागद चुकला. फझी सिलेक्टला कुरडई म्हणजे काय ते कळत नाही, त्याला फक्त क्लिक केलेल्या जागेच्या रंगाशी असलेला फरक दिसतो. तुमच्या फोटोत कागद आणि कुरडई यांच्यात फरकच नाही. त्यात फोटो जेपीजी, म्हणजे डोळ्यांना सपाट पांढरा वाटणारा कागदही आतून २५५ (पूर्ण पांढरा), २५२, २४७ असा भुरकट असतो. आणि फझी सिलेक्ट लागून असलेला भागच पकडतं, त्यामुळे चहूबाजूंनी बंद असलेल्या भोकांत ते शिरत नाही. तिथे 'सिलेक्ट बाय कलर' लागतं, पण तुमच्या फोटोवर ते कुरडईही घेऊन जाईल.

तेव्हा तासन् तास कड कोरत बसू नका. अजून एक कुरडई तळा आणि काळ्या कार्डपेपरवर ठेवून फोटो काढा. खिडकीजवळ, उजेड बाजूने, फ्लॅश बंद. हिरवा-निळा कागद नको, त्या रंगाची झाक शेवयांच्या कडांना लागते.

मग गिंपमध्ये : लेयरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची सोय, जोडा. लेयर मास्क (लेयरचा कोणता भाग दिसेल ते ठरवणारा करडा पडदा) घालताना 'ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर' निवडा. आता फोटोत जे उजळ ते दिसेल आणि जे काळं ते पारदर्शक होईल, भोकांसकट. मास्कवर क्लिक करून लेव्हल्स (काळं-पांढरं कमीजास्त करायची खिडकी) उघडा. काळा त्रिकोण उजवीकडे सरकवा, कागद पूर्ण नाहीसा होईपर्यंत. पांढरा त्रिकोण डावीकडे, कुरडई भरीव होईपर्यंत. शेवयांच्या सावलीत कुठे लाल डोकावलं तर मास्कवरच तिथे पांढरा ब्रश मारा.

पाटीवरचा खडू उचलायचा तर पाटी काळी हवी, एवढंच आहे हे.

नावाचं उलट. तिथे काळ्यावर पांढरं नाही, पांढऱ्यावर काळं आहे, म्हणून कलर टू अल्फा तिथेच वापरायचं. आधी लेव्हल्सने कागद पक्का पांढरा करून घ्या. अक्षराच्या कडेला करड्या रंगाचे पिक्सेल असतात. फझी सिलेक्ट त्यांना एक तर ठेवतं नाही तर उडवतं, ठेवलेले म्हणजे तुमची पांढरी किनार. कलर टू अल्फा त्यांना अर्धवट पारदर्शक करतं.

रविवारचा_रद्दीवाला :

पंतांना +१. एक भर : सेव्ह करताना पीएनजीच. जेपीजीत पारदर्शकता नसतेच. आणि प्रेसवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिकडे जेपीजी होऊन जातो आणि बॅकग्राउंड परत येतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी एकदा लग्नपत्रिकेवरचा गणपती असाच पांढऱ्या चौकोनात छापून घेतलाय. दोनशे पत्रिका. मेहुणे अजून काढतात तो विषय.

३ बाय ४ इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ९०० बाय १२०० पिक्सेल लागतात. मोबाइलच्या फोटोला ते किरकोळ आहे.

भुरभुर :

झालं! काल रात्री बसलो. पहिल्या फोटोत कार्डपेपरवर तेलाचे डाग चमकत होते, तेही मास्कमध्ये उजळ आले. मग कुरडई तासभर वर्तमानपत्रावर निथळत ठेवली आणि नवा कागद घेतला. लेव्हल्सचे त्रिकोण सरकवले आणि दोन मिनिटांत शेवया सुट्ट्या. मधल्या भोकांतून लेबलाचा लाल दिसतोय, कुरडईतून नाही. दोन-तीन ठिकाणी ब्रश मारावा लागला.

नावाची किनारही गेली. आईचा 'ळ' मार्कर टेकवला तिथे जाड झालाय, तो तसाच ठेवलाय.

प्रेसवाला म्हणाला, पीएनजी चालेल, कोरलमध्ये (त्याचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) घेतो.

आईला प्रूफ दाखवलं. तिने चष्मा लावला, जवळ धरून पाहिलं आणि म्हणाली, "ही डाव्या बाजूला मोडलेली का घेतलीस? डब्यात चांगल्या गोल होत्या की."

आज परत तळणार आहे.

खिडकीतली_माऊ :

मोडलेली इकडे पाठवा.